जुन्या जीपगाडीतील बिघाड : कारणमीमांसा व दुरुस्ती

उन्हाळ्यातील भर दुपारी घाट चढत असलेली जुनी जीप अर्ध्या वाटेत बंद पडते. चालक बॉनेट उघडतो, इग्निशनची कॉइल काढून जवळ बाळगलेली दुसरी कॉइल बसवितो, आणि या खटपटीत अर्धा तास गेल्यावर एंजिन पहिल्या प्रयत्नातच सुरू होते. कॉइल बिघडली होती, असा निष्कर्ष तेथल्या तेथे काढला जातो. वस्तुतः या प्रसंगात कॉइल बदलली गेली हे जितके खरे आहे, तितकेच एंजिन अर्धा तास निवत राहिले हेही खरे आहे. आणि यांपैकी कोणत्या गोष्टीमुळे गाडी चालू झाली, हे सांगण्यास चालकापाशी कोणतेही साधन नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याच वळणावर गाडी पुन्हा उभी राहिली, म्हणजे मग कंडेन्सर बदलला जातो.

जुन्या वाहनांच्या दुरुस्तीत होणारा बहुतेक खर्च व बरेचसे धोके या प्रकारच्या अनुमानातून उद्भवतात. प्रस्तुत लेखात विलिस जातीच्या जीपगाडीतील नेहमीचे बिघाड कसे ओळखावेत, याचा विचार केला आहे. ही गाडी निवडण्याचे कारण असे की, तिची रचना अत्यंत उघडी व सरळ असून कारण आणि कार्य यांचा संबंध तीत डोळ्यांनी पाहता येतो.

अमेरिकेत १९४१ पासून दुसऱ्या महायुद्धासाठी विलिस व फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. तिचे चार सिलिंडरांचे, १३४ घनइंचांचे (सुमारे २.२ लिटर) एंजिन ६० अश्वशक्तीचे होते, आणि त्याच्या दोन्ही प्रकारच्या झडपा सिलिंडरांच्या बाजूस ठोकळ्यातच बसविलेल्या होत्या. पुढे आत येणाऱ्या वायूची झडप वरच्या हेडमध्ये नेण्यात आली. त्यामुळे एंजिनाची उंची वाढली, आणि १९५३ मध्ये निघालेल्या सीजे-३बी या नमुन्याचे बॉनेट उंच करावे लागले. भारतात या गाड्यांची जुळणी मुंबईच्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून सुरू केली. आपल्याकडील रस्त्यांवर दीर्घकाळ दिसणारी उंच नाकाची जीप ती हीच. अमेरिकेत सीजे-३बीचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले, तरी भारतात त्या घडणीच्या गाड्या त्यानंतरही अनेक वर्षे निघत राहिल्या. यांतील पुष्कळ गाड्यांत मागाहून डिझेल एंजिने बसविली गेली. त्यांना एंजिनाविषयीचे पुढील विवेचन लागू पडणार नाही, परंतु चाके, स्टीअरिंग व गिअर यांविषयीचे पडेल.

पेट्रोलवरील एंजिन चालण्यास योग्य मिश्रण, योग्य क्षणी ठिणगी आणि पुरेसा दाब या तीन गोष्टी आवश्यक असतात, हे सर्वश्रुत आहे. दाब एकाएकी नाहीसा होत नाही. म्हणून चालता चालता बंद पडलेल्या एंजिनात प्रश्न बहुधा पहिल्या दोहोंपुरताच उरतो. घाटातील वर वर्णिलेल्या प्रसंगास तीन निरनिराळी कारणे संभवतात, आणि तिन्ही कारणे काही वेळाने आपोआप नाहीशी होतात, ही त्यांतील खरी अडचण होय.

पहिले कारण म्हणजे पेट्रोलची नळीतच वाफ होणे, ज्यास कारागीर व्हेपर लॉक म्हणतात. या गाडीत टाकी चालकाच्या आसनाखाली असते आणि पंप पुढे एंजिनाला जोडलेला असतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीतील पेट्रोल ढकलले जात नाही, तर ओढले जाते. अर्थात त्या भागातील दाब बाहेरील हवेपेक्षा कमी असतो, आणि दाब कमी म्हणजे उत्कलनबिंदूही कमी. त्यात चढावरील सावकाश चाल, मागून येणारा वारा आणि जवळच तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांची भर पडली की, नळीत वाफेचे बुडबुडे धरतात. पंप वाफ दाबतो व सैल सोडतो, पण कार्बुरेटरकडे पेट्रोल जात नाही. दुसरे कारण म्हणजे तापल्यावर निकामी होणारी कॉइल किंवा कंडेन्सर. आतील वेष्टण उष्णतेने फुटते आणि निवल्यावर पुन्हा जेमतेम काम देते. तिसरे कारण इतके क्षुल्लक आहे की ते सहसा कोणाच्या मनातही येत नाही. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र धुळीने बुजते, पेट्रोल संपत जाते तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते, आणि अखेर पंपाला ती ओढ सोसत नाही. गाडी उभी राहिली की हवा हळूहळू आत झिरपते आणि बिघाड नाहीसा होतो.

या तिहींतील भेद निवलेल्या एंजिनावर मुळीच ओळखता येत नाही. तो गाडी थांबताक्षणीच ओळखावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी कामे पाच मिनिटांची आहेत. प्रथम टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा आवाज झाला, तर अपराधी सापडला. नंतर एका प्लगची तार काढून तिचे टोक एंजिनाच्या धातूपासून पाव इंचावर धरावे व स्टार्टर फिरवावा. निळसर, टणत्कार करणारी ठिणगी आल्यास कॉइल व कंडेन्सर दोषमुक्त होतात. ठिणगी पिवळट, अशक्त असल्यास किंवा नसल्यासच त्यांकडे वळावे. ही परीक्षा पेट्रोलची नळी सोडण्यापूर्वी करावयाची, नंतर नव्हे. सांडलेल्या पेट्रोलजवळ ठिणगी पाडण्याने किती गाड्या जळाल्या असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. अखेरीस कार्बुरेटरकडील नळी सोडून, तीखाली भांडे धरून पंपाचा प्रवाह पाहावा. ज्या पंपांना काचेची वाटी असते त्यांत तर बुडबुडे प्रत्यक्ष दिसतात. पंपावर ओले फडके ठेवल्याने प्रवाह पूर्ववत झाला, तर निदान पक्के झाले. कायमचा उपाय मात्र फडक्याचा नव्हे. नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे आणि पंप व मॅनिफोल्ड यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा बसविणे, हा तो उपाय होय.

येथे एका नव्या परिस्थितीचा उल्लेख करणे अवश्य आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये सुमारे २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. जुन्या पंपांतील रबरी पडदे आणि जुन्या रबरी नळ्या हे द्रव्य गृहीत धरून बनविलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, मऊ होतात किंवा तडकतात. शिवाय इथेनॉल टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ सुटा करते, आणि तो गाळ प्रथम गाळणीत व नंतर कार्बुरेटरच्या सूक्ष्म छिद्रांत जाऊन बसतो. पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल एंजिनाच्या तेलात उतरते. तेलाची पातळी वाढलेली दिसल्यास आनंद मानू नये. तेलकाडीचा वास घ्यावा. इथेनॉलास टिकणाऱ्या द्रव्याचे पडदे व नळ्या आता मिळतात, आणि त्या बसविणे हा जुन्या जीपच्या बाबतीत चैनीचा नव्हे, आगीपासून बचावाचा प्रश्न आहे.

स्टार्टर मंद फिरण्याची तक्रार आली की बॅटरी बदलण्याचा प्रघात आहे. मूळच्या जीपगाड्यांत विद्युत्-व्यवस्था ६ व्होल्टांची होती. तेवढीच शक्ती ६ व्होल्टांवर मिळवावयाची तर १२ व्होल्टांच्या दुप्पट प्रवाह लागतो; आणि तारांचा व जोडांचा विरोध तोच असेल, तर व्होल्टांतील घट दुप्पट होते, तीही निम्म्या व्होल्टांमधून. म्हणजे एखादा गंजलेला जोड १२ व्होल्टांच्या गाडीत जेवढा हिस्सा गिळतो, त्याच्या चौपट हिस्सा तो ६ व्होल्टांच्या गाडीत गिळतो. यावरून स्वच्छ जोड व जाड तारा यांचे महत्त्व ध्यानात यावे. विशेषतः एंजिन रबराच्या बैठकांवर बसविलेले असल्यामुळे ते विजेच्या दृष्टीने सांगाड्यापासून अलग असते, आणि त्यांना जोडणारी अर्थची विणलेली पट्टी एंजिन उतरविल्यानंतर पुन्हा लावण्याचे अनेकदा राहून जाते. मग स्टार्टरचा प्रचंड प्रवाह मिळेल त्या वाटेने परततो. बहुधा चोकच्या तारेतून. चोकची मूठ गरम लागणे हे कार्बुरेटरचे नव्हे, तर या हरवलेल्या पट्टीचे लक्षण आहे. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक व एंजिनाचा ठोकळा यांमध्ये व्होल्टमीटर धरल्यास काही दशांश व्होल्टांहून अधिक अंतर दिसू नये.

आता चाकांकडे वळू. या गाडीचे सर्वांत भयप्रद दुखणे म्हणजे पुढील चाकांचे थरथरणे. एका विशिष्ट वेगावर खड्ड्याचा धक्का बसताच चाके डावीकडे-उजवीकडे इतक्या जोराने हेलकावू लागतात की, स्टीअरिंगचे चक्र हातातून सुटते, आणि वेग अगदी कमी केल्यावाचून ते थांबत नाही. चाकांचा तोल साधूनही हे राहते. त्यावर अलीकडे स्टीअरिंगला शॉक अॅब्सॉर्बर लावण्याचा उपाय केला जातो. तो उपाय नव्हे. तापाच्या रोग्याला पांघरूण घालण्यासारखे ते आहे. थरथर दबते, आणि तिचे कारण झिजत राहते.

कारण शोधण्याची पद्धती पुढीलप्रमाणे. पुढचा अॅक्सल जॅकवर उचलावा, चाक वर व खाली अशा दोन ठिकाणी धरून हलवावे. ढिलेपणा जाणवल्यास तो चाकाच्या बेअरिंगचा असेल किंवा चाक ज्या उभ्या खुंटीवर वळते त्या किंगपिनच्या बेअरिंगचा असेल. दोहोंतील भेद ब्रेकने कळतो. सहकाऱ्यास ब्रेकवर पाय ठेवावयास सांगून चाक पुन्हा हलवावे. ब्रेक लागला की ड्रम मागील पत्र्याशी जखडला जातो, म्हणजे चाकाच्या बेअरिंगला हलण्यास वाव उरत नाही. तरीही ढिलेपणा शिल्लक राहिला, तर तो किंगपिनचा. नंतर चाक डाव्या व उजव्या बाजूंनी धरून हलवावे. येथील ढिलेपणा टायरॉडच्या टोकांचा असतो. अखेरीस गाडी जमिनीवर उतरवून एकाने स्टीअरिंग थोडे थोडे मागेपुढे करावे व दुसऱ्याने खाली वाकून प्रत्येक सांध्याकडे पाहावे. या जीपमध्ये स्टीअरिंगची ओढ पुढे मध्यावर असलेल्या एका फिरत्या कोपऱ्याच्या दांड्याकडे, म्हणजे बेलक्रँककडे जाते, आणि तेथून दोन टायरॉड दोन चाकांकडे जातात. बेलक्रँकची खुंटी झिजली की दोन्ही चाकांची दिशा एकाच वेळी अनिश्चित होते. तिला ग्रीस देण्याची जागा चिखलाने झाकलेली असते, आणि जी दिसत नाही तिला ग्रीस मिळत नाही.

किंगपिनची बेअरिंगे नुसती ढिली नसणे पुरेसे नाही. ती किंचित दाबाखाली असावी लागतात. हा दाब चाकाच्या वळण्यास थोडा विरोध करतो आणि थरथर मुळातच जिरवितो. दाब कमीजास्त करण्यासाठी वर व खाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. चकत्या काढल्या की दाब वाढतो. मात्र सर्व चकत्या एकाच बाजूच्या काढू नयेत. आतून जाणाऱ्या अर्ध्या दांड्याचा सांधा किंगपिनच्या मध्यरेषेत राहावा लागतो, आणि एका बाजूनेच चकत्या काढल्यास तो वर किंवा खाली सरकतो.

स्टीअरिंगच्या पेटीतील ढिलेपणा काढावयाचा झाल्यास चाके सरळ ठेवूनच तो काढावा. आतील मळसूत्र असे घासलेले असते की मध्यावर ते सर्वांत घट्ट बसते, कारण झीज सर्वाधिक तेथेच होणार. चाके वळविलेली असताना स्क्रू घट्ट केला, तर मध्यावर येताच स्टीअरिंग जखडते आणि वळण घेतल्यावर गाडी आपोआप सरळ होत नाही. पुढील चाकांच्या पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा एकदोन मिलिमीटरच जवळ असाव्यात, हे मापन सर्व सांधे घट्ट केल्यानंतरच करावे. त्याआधी केलेले मापन निरर्थक होय.

चारही चाकांना शक्ती देण्याची सोय हे या गाडीचे भूषण. पण तिचा गैरवापर हे कित्येक मोडतोडींचे मूळ आहे. पुढील व मागील अॅक्सल दुय्यम गिअरपेटीत, म्हणजे ट्रान्स्फर केसमध्ये, एकमेकांशी घट्ट जखडले जातात. मध्ये डिफरन्शियल नसते. वळणावर मात्र पुढची चाके मोठ्या वर्तुळावरून जातात. या जीपची पुढच्या व मागच्या चाकांमधील लांबी ८० इंच, म्हणजे सुमारे २.०३ मीटर आहे. मागील अॅक्सलचा मध्य ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जात असेल, तर पुढच्याचा मध्य सुमारे ६.३३ मीटरच्या वर्तुळावरून जाईल, आणि काटकोनी एका वळणात पुढचा अॅक्सल अर्धा मीटर अधिक चालेल. चिखलात हा फरक चाके घसरून फेडतात. कोरड्या डांबरावर घसरण्यास वाव नसतो. फरक दांड्यांच्या पिळात साठतो. टायर कमीजास्त झिजलेले असल्यास सरळ रस्त्यावरही हेच घडते. सुमारे ७१ सेंटिमीटर व्यासाच्या चाकांत त्रिज्येचा फरक केवळ एक सेंटिमीटर असला, तरी एका किलोमीटरात पुढील व मागील चाकांच्या चालीत २८ मीटरांचे अंतर पडते.

अशा वेळी पुढच्या चाकांचा गिअर काढावयास जावे तर दांडा हलत नाही, आणि ट्रान्स्फर केस बिघडली असे समजून ती खोलली जाते. दांड्याला हातोडा लावणे किंवा त्यावर पाय देणे सर्वथा वर्ज्य मानावे. गाडी काही हात मागे घ्यावी. पीळ उलटा सुटतो आणि दांडा बोटाने निघतो. तेवढ्याने न भागल्यास एक चाक जॅकवर उचलावे; ते आपोआप थोडे फिरून मोकळे होते. पेटी खोलण्याची आवश्यकता याउपरही दांडा अडला तरच.

गिअरपेटीचा नेहमीचा दोष म्हणजे उतारावर दुसरा गिअर सुटणे. घाट उतरताना एंजिनाच्या ओढीवर गाडी आवरलेली असते. गिअर सुटला की तो आवर क्षणात जातो आणि सारा भार ब्रेकवर येतो. कित्येक चालक उपाय म्हणून दांडा हाताने दाबून धरतात. त्यामुळे गिअर सरकविणारा काटा फिरत्या पट्ट्यावर सतत घासतो, झिजतो, आणि दोष वाढतो. शोध बाहेरून आत करावा. प्रथम एंजिन व गिअरपेटी यांच्या रबरी बैठका आणि क्लचच्या घरास पेटी जोडणारे बोल्ट पाहावेत. ते ढिले असल्यास पेटीची रेषा बिघडते व गिअर सुटतो. नंतर वरचे झाकण काढून दांड्यांना खाचेत धरून ठेवणाऱ्या गोळ्या व स्प्रिंगा पाहाव्यात. त्या स्वस्त असतात आणि बहुधा त्याच थकलेल्या असतात. एवढे निर्दोष आढळल्यासच पेटी उतरवून दात्यांची टोके गोल झाली आहेत काय, मुख्य दांडा लांबीत सरकतो काय, हे पाहावे.

पेटीतील तेलाविषयी एक फसवी गोष्ट सांगितली पाहिजे. गिअरपेटी व ट्रान्स्फर केस यांमधून जाणाऱ्या दांड्याभोवतीचे सील झिजले की, पहिलीतील तेल दुसरीत उतरते. पहिली कोरडी पडते, दुसरी भरून वाहते, आणि जादा तेल मागील सीलमधून गळून हातब्रेकच्या ड्रममध्ये जाते, कारण या गाडीचा हातब्रेक चाकांवर नव्हे, तर ट्रान्स्फर केसच्या मागील दांड्यावर असतो. हातब्रेक धरेनासा होतो, ड्रम उघडला की तेल दिसते, आणि मागचे सील बदलले जाते. महिन्याभरात पुन्हा तेच. सील बदलण्यापूर्वी दोन्ही पेट्यांची पातळी ताडून पाहिली असती, तर गिअरपेटी रिकामी असल्याचे तत्काळ कळले असते. श्वसनाचे छिद्र बुजल्यानेही आत दाब वाढून सील गळते. ते साफ करण्यास एक तार पुरते. तेल निवडताना पितळी कड्यांस बाधक ठरणारी तीव्र गंधकयुक्त द्रव्ये ज्यात असतात असे तेल टाळावे.

ब्रेकच्या बाबतीत जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकच द्रवमार्ग आहे. एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. शिवाय मुख्य सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फळीच्याही खाली असल्याने नदीनाले ओलांडताना तो पाण्यात बुडतो. ब्रेकचा द्रव पाणी शोषून घेतो, आणि पाणी शोषलेला द्रव उतारावर ड्रम तापताच उकळतो. द्रवाची वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. पायाखालचा ब्रेक एकाएकी मऊ होणे ते हेच. द्रव दर एकदोन वर्षांनी संपूर्ण बदलावा.

ब्रेक न सुटण्याचा दोष कोणती चाके तापतात यावरून कळतो. चारही तापत असल्यास ब्रेकच्या दांड्यास मोकळी चाल उरलेली नाही. सुमारे अर्धा इंच चाल नसेल तर मुख्य सिलिंडरातील परतीचे छिद्र झाकलेलेच राहते, आणि तापून फुगलेल्या द्रवास परत जाण्यास वाट मिळत नाही. केवळ मागची दोन तापत असल्यास मागील अॅक्सलकडे जाणारी एकुलती रबरी नळी पाहावी; जुनी नळी आतून सुजते, द्रव दाबाने पुढे जातो पण परत येत नाही, आणि बाहेरून ती निर्दोष दिसते. एकच चाक तापत असल्यास त्याचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा. चाक मोकळे झाले तर आत दाब कोंडला होता. न झाल्यास सिलिंडर गंजला आहे किंवा स्प्रिंग तुटली आहे. ड्रम उघडल्यावर आतील भुकटी मात्र फुंकू नये अथवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या ब्रेक-अस्तरांत अॅस्बेस्टॉस असे, आणि त्याचे तंतू फुप्फुसांत गेल्यास कर्करोगासारखे विकार वर्षांनंतर उद्भवतात. भुकटी पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी, आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे.